पडलं नाही, उतरलं

टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला घरातली कुठलीच गोष्ट सरळ दिसत नाही. फोटोची चौकट कललेली, बिजागरी सैल, काकूंची पोळी ‘ओव्हल’. चिंचवडच्या आमच्या सोसायटीतले काका निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत काकूंनीच मुलाला फोन केला, “यांना काहीतरी घेऊन दे रे बाबा.” मुलाने रिमोटवरचं हेलिकॉप्टर दिलं. खेळणं नव्हे हं. ४५० क्लास, ३२५ मिलिमीटरची पाती, ११.१ व्होल्टची बॅटरी.

“ड्रोन का नाही घेतला?” असं मी एकदा विचारून बसलो.

“ड्रोन? हात सोडले की तो जागच्या जागी थांबतो. त्यात आपलं काय कौतुक? याचे हात सोडून बघ.”

हात न सोडताही काय होतं, ते दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर दिसतं. खाली चार टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू लावलेल्या दांड्या, बॅटरी सहा मिनिटांची, आणि पहिला धडा एकच: दोन फुटांवर तरंगत ठेवायचं. पालथ्या वाटीवर गोटी ठेवण्याइतकं सोपं! शेपूट आपल्याकडे असेपर्यंत निभावतं. नाक आपल्याकडे वळलं की डाव्याचं उजवं होतं. काकांनी यावर तोडगा काढला. हेलिकॉप्टर वळलं की आपणही पाठ फिरवायची आणि मान वळवून खांद्यावरून बघायचं. त्या दिवशी ते गोलपोस्टवर उतरलं.

‘पडलं’ हा शब्द काका वापरत नाहीत.

“सिकोर्स्कीनेसुद्धा १९३९ साली आपलं हेलिकॉप्टर पहिल्यांदा दोरीने बांधूनच उडवलं होतं,” ते तुकडे वेचत म्हणाले. सिकोर्स्की जणू शेजारच्या मशीनवर होता.

“मग तुम्हीही बांधा की,” काकू म्हणाल्या. “गच्चीत कपड्यांची दोरी आहे.”

मला आधी काकांची कीव यायची. मग एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर स्वारी गुणगुणत होती. टीपॉयच्या काचेवर पाती धरणारा बारीकसा दांडा, फेदरिंग शाफ्ट, लोळवत होते, एक डोळा मिटून, गाल काचेला टेकवून.

“बघ, खालून उजेड दिसतोय. वाकलाय.”

मला शाफ्टच नीट दिसत नव्हता. पण त्यांनी नवा बसवला, स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा थेंब लावला, मुख्य गिअरचे गळालेले दात मोजले. मग दोन्ही पाती एका बोल्टवर जोडून तराजूसारखी टांगली. डावं वर गेलं. काकांनी न बघताच हात मागे नेला आणि काकूंच्या पाकिटातली एक टिकली काढून हलक्या पात्याला चिकटवली, वर पारदर्शक टेप. तराजू सरळ! आत काकू आरशापुढे टिकली शोधत होत्या, आणि टिकली लवकरच मिनिटाला अडीच हजार फेऱ्या मारणार होती.

मुलाने कॉम्प्युटरवर सरावाचा सिम्युलेटर टाकून दिला होता. काकांनी तो दोन दिवसांत बंद केला. “तिथे आदळलं की बटण दाबायचं, लगेच नवं कोरं. दुरुस्तीच नाही! मग शिकायचं काय?” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस उडवतो ते नाइलाजाने. मोडल्याशिवाय उघडता येत नाही म्हणून.

दुरुस्तीत शेवटी उरतं ट्रॅकिंग. पाती फिरताना दोन्हींची टोकं एकाच पातळीत दिसली पाहिजेत; दोन रेघा दिसल्या की एक पातं वर चाललंय. ही नजर एकदा बसली की सुटत नाही म्हणे.

गेल्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण होता. तिसऱ्या अध्यायाला काका हात जोडून छताकडे बघत होते. मला वाटलं, भक्ती. चौथ्या अध्यायाला त्यांनी पंखा बंद केला, स्टूल मागितलं आणि खिशातून टिकल्यांचं पाकीट काढलं. गुरुजी घामाघूम होऊन पोथी वाचत राहिले. आरतीच्या वेळी पंखा लागला, आणि दहा वर्षांत प्रथमच खटखटला नाही.

गुरुजींनी दक्षिणा घेतली, काकांना बाजूला बोलावलं. “आमच्याकडेही दोन आहेत हो. कधी येता?”