निळे काका

आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीत माझा एक दरारा आहे, असं निदान मी मानतो. कुणाचं नेट गेलं की लोक आधी केबलवाल्याला फोन लावतात. तो उचलत नाही, मग मला. या दुसऱ्या नंबरचा मान मी पहिल्यासारखाच मिरवतो. जाऊन राउटरच्या पाठीकडे बघतो, "हं" म्हणतो. बहुतेक वेळा ओएनयूकडून, म्हणजे फायबरच्या डब्याकडून, आलेली वायर वॅनऐवजी लॅनच्या पोर्टात असते. वॅनचा रंग सहसा वेगळा असतो, पण झाडू मारताना निघालेली वायर रंग बघून कोण खुपसतं? ती बदलून मला लगेच घरी येता येईल. येत नाही. मी आतल्या तारांवर बोलतो.

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा, चार जोड्या; हा क्रम मला झोपेतही म्हणता येतो. यातली हिरवी जोडी बघा. बाकीच्या जोड्या शेजारी शेजारी, ही बिचारी तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर. चार-पाचवर निळे. का? तर टेलिफोनच्या काळापासून मधल्या दोन जागा निळ्यांच्या. १९९१ साली अमेरिकेत इमारतींच्या वायरिंगचं पहिलं मानक निघालं, तेव्हाही त्यांना कुणी उठवलं नाही. विरार लोकलमध्ये नवरा-बायकोला दोन टोकांना जागा मिळावी आणि मध्ये चर्चगेटपासून बसलेले दोन काका असावेत, तसं. ते कशाला सरकतात! बरं, १०० एमबीपीएसपर्यंत सगळा भार नारिंगी आणि ही ताटातूट झालेली हिरवीच ओढते. निळे काका नुसते बसून. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. म्हणून एखादी तपकिरी तार तुटली तर नेट सहसा बंद पडत नाही, गुपचूप १००वर येतं आणि माणूस ३००च्या प्लॅनचे पैसे भरत राहतो. स्वस्त राउटरचं वॅन पोर्टच १००चं असेल तरी तेच. जोडीला पीळ असतो तो बाहेरचा गोंगाट मारायला. प्लग बसवताना तो अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नये. इथवर आलो की घरातलं कुणी चहाचं विचारायचं थांबतं.

यंदा पावसात माझंच नेट गेलं. ओएनयूवर लाल दिवा. घरात येणाऱ्या एकुलत्या एक फायबरमध्ये तांबं नाही, रंगांचा क्रम नाही. माझी विद्या तिथे संपते. केबलवाल्याचा पोरगा आला. मी हिरव्या जोडीचं सांगायला घेतलं. तो "हो काका" म्हणत खिडकीतून बाहेर गेला. खरंच बाहेर, चौथ्या मजल्याच्या शेवाळलेल्या छज्ज्यावर, भर पावसात, दोरीशिवाय.

आमच्या इमारतीत वायरींसाठी डक्ट आहे. त्याला कुलूप आहे, चावी सेक्रेटरींकडे आहे आणि सेक्रेटरी गावाला आहेत. म्हणून सगळ्या वायरी गच्चीच्या कठड्यावरून लोंबतात आणि पाव मिलिमीटरही जाडी नसलेल्या एका काचेसाठी कुणाचा तरी मुलगा असा उभा राहतो. मी त्याचं मनगट धरून होतो. तेवढा वेळ एक शब्द बोललो नाही. बायकोला काळजी वाटली.

तुटलेलं टोक आत ओढून त्याने नवा कनेक्टर लावला. दिवा हिरवा झाला. भिजलेले हात शर्टाला पुसत म्हणाला, "काका, त्या हिरव्यांचं काय झालं पुढे?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मला काही सांगता येईना.

तमाम सोसायट्यांच्या सेक्रेटरींना हात जोडून विनंती: डक्टची एक चावी वॉचमनकडे ठेवा.