आप्पांचं ओव्हरहॉलिंग

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी गेला की आप्पांच्या पिकअपच्या स्टेअरिंगला लाल पाटी लटकते. 'काम चालू आहे. गाडी सुरू करू नये.' पाटीची खरं तर गरज नसते. ती गाडी आप्पांखेरीज कोणाच्यानं सुरू होत नाही, आणि त्या दिवसांत तर आप्पांच्यानंही होत नाही. पण नियम तो नियम. माणसानं दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या आवाजात उभी नोकरी काढली की परमिट घेतल्याशिवाय त्याला घरातला गळका नळही दुरुस्त करवत नाही.

अशी माणसं आमच्याकडे गल्लीगल्लीत असतातच. ५८ वं संपलं की शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, क्वार्टर सोडून फेकरीकडे नाहीतर निंभोऱ्याकडे घर बांधतात, आणि बांधतात तेही असं की गच्चीवरून चिमणी दिसली पाहिजे. सकाळी दात घासता घासता चिमणीच्या धुराकडे बघून आज लोड किती असेल ते सांगतात. राज्य विद्युत मंडळ २००५ साली मोडून त्याच्या चार कंपन्या झाल्या, पण यांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च आहे. रात्री दोनला जीप दारात उभी राहून 'आप्पा, चला, बेअरिंग तापलं' म्हणायची, ती जीप आता येत नाही. मग कोणी स्कूटर खोलतं, कोणी विहिरीवरची मोटर. आप्पांनी पिकअप घेतली.

पिकअप कोणत्या कंपनीची ते आता सांगता यायचं नाही, कारण तोंडावरची अक्षरं केव्हाच गळून पडली आहेत. एका ठेकेदारानं वापरून वापरून टाकलेली ती गाडी आप्पांनी भंगारवाल्याच्या आधी गाठली. हौद्याला तीन ठिकाणी वेल्डिंग, फाळका बांधायला दोरी, आणि एक दार बाहेरूनच उघडणारं. आप्पांना शेत नाही, धंदा नाही. गाडी कशाला, असं विचारलं की म्हणतात, "कधी कोनाला लागंल, सांगता येतं का भो?" लागतेही. गल्लीतलं गॅसचं सिलिंडर, कोणाचं कपाट, गणपतीची मूर्ती. पण त्यासाठी आदल्या दिवशी कळवावं लागतं. कोल्ड स्टार्टला वेळ लागतो.

आता थंडी. भुसावळकडे थंडीची तयारी म्हणजे गोधड्या उन्हात टाकणं, एवढंच बाकीच्यांना ठाऊक. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणारा मुलूख. आमच्याकडे माणूस उन्हाळ्याचीच बढाई मारतो. आप्पा मात्र उन्हाळ्याला घाबरत नाहीत. "उन्हाळा सांगून येतो. रेडिएटर उकळतो, वाफ दाखवतो. थंडी रातच्याला येते, न सकाळी गाडी बोलतच नाही." आणि थंडी येते हे खरंच आहे. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे पारा आठ-नऊवर उतरतो, तेव्हा रावेर-यावलकडचे केळीवाले बागेत धूर करून रात्र जागतात, कारण गारठ्यानं केळीची वाढ थांबते आणि घड खोडातच अडकून बसतो. आप्पांचं म्हणणं एवढंच की केळीला जे कळतं ते इंजिनाला कळत नाही, असं कोणी समजू नये.

त्यांचा पहिला संशय डिझेलवर. हा संशय उगाच आलेला नाही. कोळशाचा बॉयलर एकदम कोळशावर पेटत नाही, आधी तेलाच्या ज्वाळेवर तापवावा लागतो. आणि ते जाड फर्नेस ऑइल गार पडलं की वाहायलाच तयार नसतं, म्हणून त्याच्या पाइपाला सोबत वाफेची नळी देतात. थंडीतल्या रात्रपाळीत ज्यानं थिजलेल्या तेलाची लाइन मोकळी करताना शिव्या खाल्ल्या आहेत, त्याला टाकीतल्या डिझेलचा भरवसा कसा वाटावा? मी एकदा त्यांना सांगायला गेलो की आपल्याकडच्या मानकाप्रमाणे हिवाळ्यातलं डिझेल ३ अंशांपर्यंत थिजून चालत नाही. उन्हाळ्यातल्या डिझेलला मात्र १५ अंशांपर्यंत सवलत आहे. हे सांगायला नको होतं. आप्पांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला पुढे महाग पडली.

"म्हनजे टाकीत आता जे आहे ते ऑक्टोबरचं. पंधरावालं."

"तसं म्हणता येईल, पण..."

"ते आधी जाळलं पाहिजे."

ऑक्टोबरचं डिझेल जाळण्यासाठी पिकअप वरणगावच्या दिशेनं रिकामीच जाऊ लागली, आणि रिकामी परत येऊ लागली. शेजारी कोणीतरी बसायला हवं म्हणून मी. लडाखसाठी २०१९ साली इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांतही न गोठणारं डिझेल काढलं, त्या बातमीचं कात्रण आप्पांच्या पाकिटात घडी करून ठेवलेलं आहे. पंपावर ते उलगडून त्यांनी विचारलं, "हे आहे का?" पोरानं कात्रण वाचलं, आप्पांकडे पाहिलं, मागे माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कितीचं टाकू, काका?"

मग ओव्हरहॉलिंगचा मुख्य भाग. त्यासाठी एक जाड रजिस्टर आहे, त्यात पानांना नंबर आहेत. गल्लीतली दोन पोरं हेल्पर म्हणून भरती होतात, आणि भुसावळला इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा ट्रेनी. ट्रेनीनं पान्याला हात लावायचा नाही, फक्त लॉगशीट भरायची. सकाळी दहाला तेलाचा नट खोलला, सव्वादहाला तेल काळं निघालं, साडेदहाला आप्पांनी ते दोन बोटांत चोळून वास घेतला: सगळं पानावर. 'वीस-पन्नास'चं तेल काढून 'पंधरा-चाळीस' भरायचं, कारण थंडीत पहाटे पातळ तेल लवकर वर चढतं. डिझेल फिल्टर बदलायचा, मग पंपाला हात मारून मारून लाइनीतली हवा काढायची. पाट्यांना ग्रीस, फॅन बेल्टला अंगठ्यानं दाब. एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला की करड्या राखेचा ढग उडतो. कोळशावर वीज करायची म्हणजे राख आलीच. हेल्पर खोकतात. आप्पा अभिमानानं बघतात. "आपलीच हाये."

बॅटरीचा दिवस वेगळा राखून ठेवलेला असतो, कारण त्या दिवशी स्वयंपाकघराचाही सहभाग लागतो. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असते, ती कढत पाण्यानं जाते. काकूंनी चहाला ठेवलेलं आधण आप्पा उचलून नेतात. मग एकेका सेलमध्ये हायड्रोमीटर बुडवून आकडा ओरडायचा: "बाराशे पन्नास! बाराशे चाळीस! हा तिसरा कामचोर हाये." गारठ्यात बॅटरी कमजोर का पडते ते त्यांनी ट्रेनीला समजावलं, आणि त्याच्या प्राध्यापकापेक्षा बरं समजावलं: "थंडीनं आतली रासायनिक क्रिया मंद होते, म्हनून बॅटरी देनार कमी. तेल घट्ट, म्हनून सेल्फ मागनार जास्त. महिनाअखेरचा घरखर्च समज."

"महिनाअखेरचं काय बोलू राह्यले?" काकू दारातून म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याला इतकं गरम पानी कधी टाकलं नाही. डब्यावर सत्तावीसशे लिहिलेलं दिसलं मला."

तो डबा कूलंटचा होता. त्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं, आणि आप्पांनी तो त्या चित्रासाठीच घेतला याबद्दल मला शंका नाही. भुसावळात रेडिएटरचं पाणी गोठलं तर ती बातमी पहिल्या पानावर येईल. कूलंट इथं कामाला येतं ते गंज धरू नये म्हणून आणि मे महिन्यात पाणी लवकर उकळू नये म्हणून. पण हे बोललो असतो तर त्यातून पुन्हा एखादी वरणगावची फेरी निघाली असती.

भुसावळचा मिस्त्री या काळात आप्पांना टाळतो. पिकअप गॅरेजच्या तोंडाशी दिसली की तो चहाला जातो. आप्पा नोझल तपासून घ्यायला येतात आणि नोझल कसं तपासायचं ते सांगून जातात. एकदा तो वैतागून म्हणाला, "आप्पा, २०२१ पासून सरकारनं भंगार पॉलिसी आनली हाये. इकून टाका." आप्पा काही बोलले नाहीत. दीपनगरचा १९७९ साली सुरू झालेला २१० मेगावॉटचा संच कायमचा बंद झाला तेव्हाही ते असेच गप्प होते. तो संच त्यांच्या अंगाखांद्यावर वाढला होता. गॅरेजमधून बाहेर पडताना मात्र म्हणाले, "यानं पाना उलटा धरला होता. पाह्यलं का?"

सगळं जोडून झालं तरी गाडी उभी ठेवायची नसते. टर्बाइन बंद पडल्यावरही रोटर बॅरिंग गियरवर हळूहळू फिरवत ठेवतात, नाहीतर गरम शाफ्ट एकाच जागी राहून वाकतो. म्हणून आप्पा रोज संध्याकाळी पिकअप वीतभर पुढे ढकलतात, दुसऱ्या दिवशी वीतभर मागे. कशासाठी, असं नव्या भाडेकरूनं विचारलं, तर गल्लीनं त्याला गप्प बसवलं.

आणि मग लाइट-अप. वेळ पहाटे पाच, कारण खरी थंडी तेव्हाच असते. आप्पा मफलर, कानटोपी, बोर्डाचा जुना निळा शर्ट. चावी अर्धी फिरवून हीटर मारायचा आणि मोठ्यानं वीस आकडे मोजायचे. मग सेल्फ. सेल्फचं ते दम लागल्यासारखं कण्हणं ऐकून गल्लीतली कुत्री आधी उठतात, मग माणसं. पांढरा धूर तीन घरं ओलांडून जातो. कोणीतरी खिडकी लावतं. सेल्फ हरला की हेल्पर, ट्रेनी, मी आणि दूधवाला मिळून ढकलतो. आप्पांनी घर उताराच्या तोंडाला बांधलं त्याचं रहस्य तेव्हा कळतं. उताराच्या शेवटी इंजिन धडधडलं की आप्पा खिडकीतून हात काढून ओरडतात, "वेळ लिहा!"

या सगळ्याला अंतिम मुदत असते चंपाषष्ठीची. चातुर्मासात सोडलेलं वांगं त्या दिवसापासून पुन्हा ताटात येतं, आणि आमच्याकडे भरीत पार्ट्यांचा हंगाम सुरू होतो. गेल्या वर्षी गल्लीची पार्टी तापीपलीकडच्या एका मळ्यात ठरली. माणसं मोटारसायकलींवर, सामान पिकअपमध्ये: बामणोदची हिरवी-पांढरी मोठाली वांगी, ती भाजायला पऱ्हाट्या, कळण्याचं पीठ, पातेली, आणि भरीत कुटायची लाकडी बडजी, मुसळासकट. २०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानाचं काही ओझं वाहायचं असेल तर ते आप्पांनीच वाहायचं, हे आधीच ठरलं होतं.

पहाट कडाक्याची होती. आम्ही ढकलण्यासाठी मागे हात लावून उभे. आप्पांनी वीस मोजले, चावी फिरवली, आणि गाडी सुरू झाली. अर्ध्या फेऱ्यात. धूर नाही, कण्हणं नाही, काही नाही.

कोणी टाळ्या वाजवल्या. आप्पांचा चेहरा पडला. त्यांनी गाडी बंद केली, पुन्हा चावी फिरवली. पुन्हा सुरू. "असं होत नसतं," ते म्हणाले, आणि खाली उतरून बोनेटकडे संशयानं बघू लागले. काकूंनीच त्यांना पुन्हा चढवलं.

रस्त्याला लागल्यावर त्यांच्या जिवात जीव आला, कारण मागून आवाज येत होता. वळणावर टक, गतिरोधकावर टक-टक. मान तिरकी करून, तीसच्या वर न जाता, ते तो आवाज ऐकत मळ्यापर्यंत आले. आम्ही सामान उतरवलं, पऱ्हाट्या पेटवल्या. आप्पांनी गाडी बांधावरून एकदा फिरवून आणली आणि घाम पुसत खाली उतरले.

"आवाज बंद झाला," ते म्हणाले. "म्हनजे हौसिंगमधी काहीतरी तुटून पडलं. आता पुरं खोलावं लागतं."

आणि पोतं अंथरून ते गाडीखाली गेले. इकडे बडजीत मुसळाचे ठोके पडत होते, टक, टक-टक. मी ठोके ऐकले, रिकाम्या हौद्याकडे पाहिलं, आणि बोलायला तोंड उघडलं. काकूंनी भरिताचा चमचा माझ्या ताटात आपटला.

"सांगशील तर पाह्य," त्या हळूच म्हणाल्या. "संक्रांतीपर्यंत घराबाहेर राहतील."