हवा मारून घेणारे अण्णा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत संध्याकाळी पाळी सुटली की टॉवेलच्या कारखान्यांतून दोन तऱ्हेची माणसं बाहेर पडतात. पहिल्या तऱ्हेच्या माणसाच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि शर्टाच्या खांद्यांवर कापसाची पांढरी लव बसलेली असते. शेअर रिक्षात तो शेजारी येऊन बसला की आपली काळी पँट तिथल्या तिथे राखाडी होते. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस आठ तास त्याच शेडमध्ये, त्याच लूमपाशी उभा असतो, पण त्याच्या अंगावर कापसाचा एक तंतू सापडायचा नाही. भांग जागच्या जागी, कॉलर ताठ, खिशाला पेन. हे आमचे अण्णा. त्यांचं खरं नाव विचारू नका. प्रत्येक कारखान्यात एक अण्णा असतातच, आणि बहुतेक करून ते जॉबर, म्हणजे लूमवरचे मुकादम, असतात.

अण्णांच्या टापटिपीचं रहस्य भिंतीवरच्या निळ्या नळीत आहे. पूर्वी, धोट्याच्या लूमच्या दिवसांत, सोलापूरच्या विणकराचा आणि दाबाच्या हवेचा संबंध सायकलच्या पंक्चरपुरताच यायचा. लूम साफ करायला झाडू, ब्रश आणि जुनी चिंधी. अंग साफ करायला पंचा, तो दारात उभं राहून झटकायचा. 1877 सालच्या जुन्या गिरणीपासून कैक पिढ्या याच पंच्यावर निघाल्या. मग एअरजेट लूम आले. त्यात धोटा नाही, कांडी नाही. आडवा धागा हवेच्या झोताने ताण्यातून पलीकडे फेकला जातो. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर आला, शेडभर पाइप फिरले, आणि लूममध्ये अडकलेली रुई उडवायला जागोजागी एकेक नळी नि तिच्या टोकाला गन लटकली. गन यंत्रासाठी होती. अण्णांनी यंत्रात आणि स्वतःत भेद मानला नाही.

टॉवेलच्या कारखान्यात लव जरा जास्तच, हे अण्णांच्या बाजूने सांगायला हवं. चादर अंग चोरून विणली जाते. टॉवेलला दोन बीम लागतात: एक ताणलेला, दुसरा सैल. सैल बीमच्या धाग्याचे फासे उभे राहतात आणि ते फासे हिसका बसेल तेव्हा तंतू सोडतात. सोलापुरी चादरीबरोबर सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या लवेला मानांकन नाही, पण ती आमच्या शहरात मानांकनाशिवायच सर्वदूर पोचलेली आहे.

पाळी संपायला पाच मिनिटं उरली की अण्णांचा अभ्यंग सुरू होतो. आधी डोक्याचा रुमाल सोडून त्याला हवा. मग डोळे मिटून केसांना, मागून पुढे. मग कॉलर उलटी करून आतून. खिसे बाहेर काढून ते दोन्ही. बाह्यांच्या आतून वर काखेपर्यंत. पँटच्या मोहरीत गन घालून खालून वर, तेव्हा पँट क्षणभर भोपळ्यासारखी फुगते. मोजे काढून उलटे करून. पाठीला आपला हात पोचत नाही, म्हणून तिथे माणूस लागतो.

“ये बे, पाठीवर मार की जरा.”

कांड्या गेल्या, पण कांड्या भरणारी पोरं कारखान्यात कुठल्या ना कुठल्या नावाने असतातच. त्यातलंच एक पोरगं नळी धरतं. अण्णा डोळे घट्ट मिटतात, तोंड मात्र मिटत नाहीत, कारण या सगळ्या काळात त्यांचं मार्गदर्शन चालू असतं. “वर मार. आता खाली. आता तिरपं. अरं, कापूस उडव, माझा जीव नको उडवू.” अंगावरून सुटलेली लव वर जाते, ट्यूबलाइटच्या उजेडात जरा तरंगते, आणि नळी धरलेल्या पोराच्या नाकातोंडावर येऊन बसते. अण्णा स्वच्छ होतात. एकूण कापूस तेवढाच राहतो, फक्त त्याचा धनी बदलतो.

कॉम्प्रेसरच्या काट्यावर सहा-सात किलोचा दाब असतो. मोटारच्या टायरमध्ये असतो साधारण दोन किलो. अमेरिकेत साफसफाईसाठी हवा वापरायचीच झाली तर दाब 30 पीएसआयच्या खाली, म्हणजे त्या टायरइतकाच, असायला हवा असा नियम आहे. शिवाय उडणारा कचरा अडवायला आडोसा आणि डोळ्यांवर चष्मा. कापसाच्या धुळीसाठी त्यांनी 1978 मध्ये वेगळा नियम केला, त्यात तर कपडे आणि फरशी हवेने साफ करायला सरळ बंदीच आहे. हे कोणीतरी अण्णांच्या कानावर घातलं तेव्हा ते म्हणाले, “त्यांच्याकडं थंडी असतीय. हवा मारून घेतली तर आजारी पडतील की.”

अण्णांची मुख्य भूमिका अशी की हवा ती हवा. “पाण्यानं माणूस बुडतो, विजेनं चिकटतो. हवेनं काय होतंय? ती तर आपण खातोय.” या बिनतोड युक्तिवादापुढे मालकाने एकदा शहाणपणाची गोष्ट केली आणि सुरक्षित गन आणल्या. या गनच्या तोंडाशी बाजूला बारीक भोकं असतात. तोंड चुकून कातडीवर दाबलं गेलं तर हवा त्या भोकांतून निसटते, दाब अंगात घुसत नाही. अण्णांनी नवी गन हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, चालवली आणि निकाल दिला: “गळतीय.” दुसऱ्या दिवशी भोकांवर काळी इन्सुलेशन टेप होती. व्यवस्थित, तीन वेढे, शेवट कात्रीने कापलेला. अण्णांचं काम कधी गबाळं नसतं.

इथे थोडं गंभीर बोलणं भाग आहे, कारण अण्णा बोलणार नाहीत. धडधाकट कातडीतून हवा सहसा आत शिरत नाही. पण फणीतून धागे ओवणाऱ्या माणसाच्या बोटाला कायम कुठेतरी चीर असते, आणि सहा किलोच्या हवेला चीर पुरते. हवा कातडीखाली शिरली की हात सुजतो आणि दाबला की करकरतो. रक्तात गेली तर जिवावर बेतू शकतं. कानाचा पडदा फाटायला तर गन कानात घालायचीही गरज नसते. डोळ्यात उडालेला कण नुसता खुपत नाही, तो रुततो. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे ती थट्टा: मागून येऊन गन लावायची. कपड्यांवरून लावली तरी आतडं फाटू शकतं. अशा ‘गमतीत’ कामगाराचा जीव गेल्याच्या बातम्या देशातल्या कुठल्या ना कुठल्या औद्योगिक वसाहतीतून येतच असतात.

या एका बाबतीत अण्णा मात्र कडक. एका पोराने दुसऱ्याच्या मागे गन नुसती रोखली होती, तर अण्णांनी ती हिसकावून त्याला शेडबाहेर काढलं आणि आठवडाभर त्याच्याशी अक्षर बोलले नाहीत. नंतर त्याच गनने स्वतःचे कान साफ केले. एकाच माणसात एवढा विवेक आणि एवढा अविवेक शेजारी-शेजारी नांदताना मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

उन्हाळ्यात अण्णांच्या हवेला आणखी एक काम लागतं. सोलापूरचा मे महिना काय असतो हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. बाहेर पारा चाळिशी ओलांडून वर, वर पत्र्याचं छप्पर, आणि धागा तुटू नये म्हणून शेडमध्ये ओल राखलेली. नळीतून सुटलेली हवा अंगाला गार लागते. दुपारी तीनच्या सुमारास अण्णा शर्टाचं वरचं बटण सोडून गन आत सोडतात आणि डोळे मिटतात. त्या अर्ध्या मिनिटात त्यांना लूम बंद पडलेला ऐकू येत नाही, ते महाबळेश्वरात असतात. मालकाला मात्र ही गार हवा विजेच्या बिलात दिसते, कारण कॉम्प्रेसरची हवा म्हणजे कारखान्यातली बहुधा सर्वांत महाग चीज. ती अण्णांच्या बनियनमध्ये खर्च होते.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या दिवशी सेफ्टीचे साहेब येतात; वयाने पोरगेले, बोलायला गोड. छातीला हिरवा बिल्ला लावून सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यायची असते, आणि पहिल्या रांगेत कोण उभं राहणार तर अण्णाच, कारण फोटोत ते एकटेच स्वच्छ दिसतात. स्वच्छ कसे, तर शपथेच्या आधी कॉम्प्रेसर रूममागे जाऊन आले म्हणून. यंदा साहेबांनी सांगितलं, कापसाच्या धुळीने छातीचा एक आजार होतो, बिसिनोसिस. त्याची खूण अशी की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, मग जरा बरं वाटतं, मग पुन्हा सुट्टीनंतर तेच. अण्णा मागे वळून पोरांना म्हणाले, “ऐकलं का बे? सुट्टी घेतली की आजार होतोय.”

हशा झाला. साहेबही हसले. मग त्यांनी विचारलं, “अण्णा, तुमच्या पाठीवर हवा कोण मारतं?” नळीवालं पोरगं पुढे आलं. ते खोकत होतं. अण्णा तेवढ्यापुरते गप्प राहिले.

पण अण्णांना हवेची एवढी ओढ का, हे कळायला त्यांच्या घरी जावं लागतं. सोलापुरात लूमवाल्याच्या घरात पुष्कळदा विडी असते. पुरुष टॉवेलच्या शेडमध्ये, बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत. अण्णांच्या घरीही तेच. वहिनींनी पहिल्यापासून कायदा केलेला आहे: “कापूस बाहेर झाडून या, नाहीतर बाहेरच बसा.” मोबाइल बघत बसलेला मुलगा, भिजवलेली पानं, सुपातली तंबाखू, सगळ्यावर लव बसते आणि विडीत कापूस सापडला तर कारखान्यात ती विडी मागे फेकली जाते. म्हणून अण्णा लखलखीत होऊन येतात, चप्पल काढतात, आत जाऊन टेकतात आणि पहिली गोष्ट करतात ती म्हणजे शिंकतात. घरभर तंबाखूची भुकटी तरंगत असते. वहिनींना तिची जाणीव नाही, जशी अण्णांना लवेची नाही.

अण्णा सुधारले ते शपथेने नाही, आणि खोकणाऱ्या पोरामुळेही नाही, असं लिहिताना वाईट वाटतं. ते सुधारले पांढऱ्या शर्टामुळे. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, तेलाचा अंश असतो; खालची तोटी सोडून ते रोज काढायचं असतं. एके दिवशी कोणी काढलं नाही. संध्याकाळी भाच्याच्या साखरपुड्याला जायचं म्हणून अण्णा नवा शर्ट घालून आले होते. हवा मारली आणि पोटावर तांबूस तुषार उमटले, बारीक बारीक, पक्के. अण्णा बराच वेळ शर्टाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हे रोज माझ्या नाकात जातंय का?”

साहेब ही संधी सोडणारे नव्हते. त्यांनी सांगितलं, परदेशात खाणीतल्या कामगारांसाठी खास खोली असते. आत तोंडाला मास्क लावून, कमी दाबाच्या झोतांपुढे गोल फिरायचं, आणि उडालेली धूळ खालून ओढून घेतली जाते, शेजाऱ्याच्या तोंडावर जात नाही. तेवढे पैसे इथे नाहीत. पण ओढून घेणारं यंत्र, चांगल्या फिल्टरचं, आणता येईल. कामाचे कपडे वेगळे ठेवा, इथेच बदला. बाकी मऊ ब्रश. यंत्र आलं. अण्णांनी पहिल्या दिवशी त्याचा पाइप बाहीला लावला, बाही आत ओढली गेली, ते चमकले. “हे मारत नाही, खातंय,” म्हणाले. आठवड्याभरात यंत्राची किल्ली अण्णांच्या करगोट्याला होती आणि रांग लावणं, पोरांना आधी घेणं, कोणी पाइप फेकला तर शिव्या देणं, सगळं त्यांच्याकडे. गनवरची टेप त्यांनीच सोडली. भोकांतून सुटणारी हवा ऐकून अजूनही तोंड वाकडं करतात.

मागच्या महिन्यात साहेब पुन्हा आले तेव्हा अण्णांनी त्यांना बाजूला घेतलं.

“साहेब, हे यंत्र रविवारी घरी न्यायला मिळंल का? आमच्या घरात विडीचं काम हाय. तंबाखू उडतीय लई.”

साहेबांनी वहीत बघितलं, चष्मा पुसला. “अण्णा, मी कारखाना बघतो. घर माझ्याकडं येत नाही.”

“मग घर कुणाकडं येतंय?”

साहेब म्हणाले, विचारून सांगतो. रविवारी अण्णा यंत्र घेऊन गेले. पावती केली नाही.