जहांगीरमध्ये फुकटात रसिक कसे व्हावे

मे महिन्यातल्या दुपारी चर्चगेटहून काळ्या घोड्यापर्यंत पायी आलेल्या माणसाला कलेची तीव्र ओढ लागते. तिचा मान राखावा आणि सरळ जहांगीर आर्ट गॅलरीच्या एसीत शिरावे. १९५२ साली उघडलेली ही वास्तू सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली, म्हणजे तुमचे पैसे त्यांनी आधीच भरलेले आहेत. तरीही वॉचमन हटकेल या धास्तीने कित्येक मुंबईकर बाहेरच्या फुटपाथवरची चित्रे बघूनच परततात. वॉचमन हटकत नाही. त्याने तुमच्यापेक्षा घामाघूम रसिक पाहिलेले आहेत. (पलीकडच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिकीट आहे, तेव्हा प्रस्तुत मार्गदर्शन तिथे लागू नाही.)

आत गेल्यावर चालीचा वेग निम्मा करावा, हात पाठीमागे बांधावेत. चित्र आधी लांबून पाहावे, मग पुढे होऊन शेजारची चिठ्ठी वाचावी. तिच्यावर बहुधा ‘अनटायटल्ड, मिक्स्ड मीडिया’ असते. किंमत वाचावी, पण भुवई हलू देऊ नये. लाल टिकली असेल तर चित्र विकले गेले आहे. अशा चित्रासमोर ‘अरेरे, हेच घ्यायचं होतं’ म्हणायला काहीच खर्च येत नाही. टिकली नसताना हे वाक्य उच्चारू नये.

सोबतच्या माणसावर छाप पाडायची असेल तर चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचा विषय काढावा. १९४७ची गोष्ट. सगळे हुसेन, रझा, सूझा इथवर येऊन थांबतात, फार तर आरा आणि गाडे. तुम्ही शांतपणे म्हणावे, “आणि बाकरे. ते शिल्पकार होते.” पुढचे कोणी विचारत नाही. एखादे ज्येष्ठ रसिक भेटले तर जहांगीरमधल्या, २०१५मध्ये बंद झालेल्या ‘समोवार’ कॅफेची आठवण काढून उसासा टाकावा. तिथे कधी गेला नसलात तरी टाकावा.

खरी परीक्षा कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी होते. तिथे बसलेला गृहस्थ चित्रकार असतो. हॉलची तारीख मिळावी म्हणून तो काही वर्षे थांबलेला असतो, चित्रे टेम्पोतून आणलेली असतात, आणि नखाच्या कडेला अजून थोडा प्रशियन ब्लू असतो. ‘हे नक्की काय आहे?’, ‘एक काढायला किती दिवस लागतात?’ आणि ‘आमची पिंकीपण छान काढते’ हे त्याचे सकाळी अकरापासून ऐकून झालेले असते. तुम्ही एखाद्या चित्राकडे बोट दाखवून ‘इथला हिरवा नंतर चढवलात का?’ एवढेच विचारा. पुढची वीस मिनिटे तोच बोलेल, आणि तुम्हाला खरोखरच काहीतरी कळण्याचा धोका आहे.

फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्याही फुकटच असतात. केमोल्डची सुरुवात १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर झाली. आता ती प्रेस्कॉट रोडवरच्या क्वीन्स मॅन्शनमध्ये आहे. अशा ठिकाणी जिना शोधावा लागतो आणि दार लावलेले असते. ढकलावे.

निघताना अभिप्राय वहीत ‘छान’ लिहू नका. वरच्या सगळ्यांनी तेच लिहिले आहे. कुठले चित्र आवडले ते लिहा, नावडले असेल तर तेही लिहा. चित्रकार ती वही घरी नेऊन वाचतो. सही तेवढी वाचता येईल अशी करा.