कोळ्यावरचा आळ

ओठाच्या कडेला बारीक, पाणीदार फोडांचा झुबका उठला की ‘ज्वर उतू गेला’ म्हणतात. कारण एकच: हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू, बहुधा त्याचा पहिला प्रकार. लोकमताने मात्र हा गुन्हा निजलेल्या माणसाच्या तोंडावर मुतणाऱ्या कोळ्याच्या नावे नोंदवला आहे. या विषाणूचे नैसर्गिक घर फक्त माणूस. कोळी, पाल, झुरळ तिघेही निर्दोष.

खरा आरोपी घरातलाच असतो आणि त्याचा हेतू अत्यंत प्रेमळ. मामा, आत्या किंवा शेजारची आजी लेकराचा पापा घेते आणि लाळेबरोबर विषाणू देऊन जाते. त्या वेळी तिच्या ओठावर फोड असलाच पाहिजे असेही नाही. बहुतेक मुलांना काहीच होत नाही. काहींना ताप येतो, हिरड्या सुजतात, आणि घरचे ‘दात येताहेत’ म्हणून विषय मिटवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी माणसांत हा विषाणू आहे. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

शिरलेला विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूतून वर सरकतो आणि कवटीच्या तळाशी असलेल्या त्याच्या गाठीत कायमचा मुक्काम ठोकतो. भंडाऱ्याचे मामा (माजी मालगुजारी) तलाव आटले की बेडूक गाळात दडी मारतात, तसा. फरक इतकाच की बेडूक पावसाची वाट पाहतो, हा बरेचदा उन्हाची.

उन्हाच्या बाबतीत भंडारा जिल्हा कोणाला निराश करत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. तेंदूपत्ता तोडणारे पहाटेच जंगलात शिरतात, तरी पुडे बांधेपर्यंत ऊन डोक्यावर येतेच. मग ओठ उठला की ‘उष्णता झाली’ असे निदान होऊन ताक आणि सब्जा सुरू होतो. त्याने नुकसान काही नाही. पण विषाणूला उठवतात ती अतिनील किरणे, पोटातली उष्णता नव्हे. त्यामुळे लू लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा इथे निकामी. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा मात्र कामाचा.

ताप, जागरण, पाळी, दाढ काढणे, मनावरचा ताण हीही निमित्ते. लग्नघरात यांतली दोन-तीन एकदम जमतात. हळदीच्या दिवशी नवरीचा ओठ चुणचुणतो. दुसऱ्या दिवशी, फोटोवाला दारात उभा असताना, फोड उठतात. मग ते फुटून पाझरतात, पिवळसर खपली धरते आणि सात ते दहा दिवसांत, म्हणजे सगळे फोटो काढून झाल्यावर, ओठ पूर्ववत होतो.

तोंडाचे कोपरे चिरणे आणि तोंड येणे ही वेगळी दुखणी. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्याने तर तोंडातला पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम ‘ज्वर’ म्हणून खपवू नये; डॉक्टरला दाखवावी.

ॲसिक्लोव्हिर हे औषध विषाणूची वाढ रोखते. त्याच्या संशोधनाशी जोडलेल्या शास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. चुणचुण सुरू होताच घेतले तर उपयोग अधिक. गाठीत दडलेल्या विषाणूवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. फोडाला लावलेले बोट न धुता डोळ्याला लावू नये, बुबुळाला जखम होऊ शकते. आणि फोड आलेल्या मामाने बारशाला जरूर जावे, जेवावे, पण बाळाचा पापा घेऊ नये: नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकते.