कच्च्या अंड्याचा पक्का समज

दुधात दोन कच्ची अंडी फोडायची, ढवळायची आणि एका दमात रिचवायची. हातकणंगल्यापासून कोल्हापूरपर्यंत तालमीत, आणि आता जिममध्येही, पोरांना ताकदीसाठी हा खुराक सांगितला जातो. मोठ्यांनी सांगितलं, मग विचारायचं कुणी?

विचारलं बेल्जियमच्या संशोधकांनी, १९९८ साली. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं पचतात, कच्च्यातली जेमतेम ५१. जवळजवळ निम्मा खुराक वाया.

सोबत साल्मोनेला हा जंतू आला, तर उरलेलाही जुलाबावाटे बाहेर.

‘पण आमचं अंडं गावरान आहे!’ असेल. परसातल्या कोंबडीला संसर्ग होत नाही, हे कुणी ठरवलं? आजारी कोंबडीच्या अंडाशयातून हा जंतू कवच तयार होण्याआधीच आत शिरू शकतो. मग कवच स्वच्छ, वास नाही, रंगही नेहमीचाच. पाण्यात टाकून पाहता? तरंगलं तर अंडं जुनं, एवढंच कळतं. बुडालेलं निर्धोक असतं, असं नाही.

दुसरी हौस धुण्याची. ट्रे घरात आला की तीसच्या तीस अंडी नळाखाली. कवचाला बारीक छिद्रं असतात आणि त्यांवर निसर्गानेच दिलेला संरक्षक थर. तो घासून काढायचा आणि गार पाण्याबरोबर घाण आत जायला वाट करून द्यायची, ही कसली स्वच्छता? घाण लागलेलं अंडं मुळात घेऊच नका. तडकलेलंही नको, कितीही स्वस्त मिळो.

सलाईन स्वस्त मिळत नाही.

आता भुर्जीची गाडी. तवा तापलेला, भुर्जी कोरडी होईपर्यंत परतलेली. तिला माझी हरकत नाही. हरकत हाताला आहे. अंडी फोडलेला तोच हात न धुता कांदा-कोथिंबिरीत जातो, आणि तीच कोथिंबीर शिजलेल्या भुर्जीवर पडते. तव्यावर मेलेला जंतू ताटात पुन्हा हजर. गाडीवर साबण आणि वाहतं पाणी मागणं म्हणजे चैन आहे का?

आणि मेयोनीज? केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. इचलकरंजीच्या कॅफेत सँडविच मागवताना ‘मेयोनीज कच्च्या अंड्याचं आहे का?’ एवढं विचारायला लाज कशाची?

त्रास सहा तासांनी सुरू होतो, कधी सहा दिवसांनी. तोवर खाल्लेलं आठवत नाही. दोष आजच्या आमटीला, आणि गुन्हेगार परवाचं बुळबुळीत हाफ फ्राय. लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस यांना हीच हगवण थेट दवाखान्यात नेते.

उपाय जुनाच आहे. पांढरं आणि पिवळं, दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवा.

असं नीट उकडलेलं अंडं आपल्या राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आणलं होतं, आठवड्यातून एकदा. एका अंड्याला पाच रुपये. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि सांगितलं, हवं तर लोकसहभागातून द्या. पोराच्या ताटातलं सगळ्यात बिनधोक अंडं वर्गणीवर सोडायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?