पाच वाक्यांचे माहात्म्य

व्यसनावर संशोधन करून नाव कमवायचे असेल, तर तरुणांनी भलत्या मेहनतीच्या नादी लागू नये. रुग्ण घरी गेल्यावर वर्षानुवर्षे त्याच्या मागे फिरायचे, गोळ्या सुटल्या का विचारायचे, आणि एवढे करून उत्तर मिळणार ‘काहींच्या सुटल्या, काहींच्या नाही’. असे वाक्य कोण उद्धृत करणार?

आदर्श ठेवावा तो बोस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांच्या पत्राचा. 10 जानेवारी 1980 रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ते छापून आले. वाक्ये मोजून पाच. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गातले औषध मिळालेल्या 11,882 जणांच्या नोंदी तपासल्या. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांनाच ते लागल्याची खात्रीची नोंद सापडली. डोस किती, किती दिवस, घरी गेल्यावर पुढे काय, असला पाल्हाळ नाही. लेखकांनी बिचाऱ्यांनी जेवढे पाहिले तेवढेच लिहिले. मात्र मथळ्यातच निष्कर्ष सांगून टाकला: अशा रुग्णांत व्यसन विरळा. वाचकाची याहून अधिक काळजी काय घ्यायची? मथळा वाचला की खालचे वाचायला नको.

आणि ते फारसे कोणी वाचलेही नसावे. त्या काळी मूळ पत्रासाठी ग्रंथालयातला जुना अंक धुंडाळावा लागे. त्यापेक्षा दुसऱ्याच्या लेखातली तळटीप उतरवून घेणे सोयीचे. तळटिपेवरून तळटिपेत जाता जाता पत्राला बढत्या मिळत गेल्या. 1990 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ते ‘विस्तृत अभ्यास’ झाले, 2001 मध्ये ‘टाइम’मध्ये ऐतिहासिक महत्त्वाचे संशोधन. हवालदार एकही परीक्षा न देता पोलीस आयुक्त व्हावा, तसे.

गुणवत्तेला आश्रयदाताही लागतो. पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूवर्गातले वेदनाशामक बाजारात आणले, आणि व्यसनाचा धोका एक टक्क्याहूनही कमी, हे कंपनीचे विक्रेते डॉक्टरांना पटवू लागले. मग पत्राचे संदर्भ झपाट्याने वाढले. 2007 मध्ये याच औषधाच्या दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि सुमारे 60 कोटी डॉलर भरले. पण विद्वत्तेला आश्रय द्यायचा तर एवढा खर्च व्हायचाच. 1999 ते 2021 या काळात अमेरिकेत अफूवर्गीय पदार्थांच्या अतिमात्रेने, बेकायदा माल धरून, जवळजवळ 6 लाख 45 हजार माणसे मेली. मृतांना संदर्भसूचीत जागा नसते.

2017 मध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी या पत्राच्या संदर्भांची मोजदाद केली. भरले 608. मूळ पत्राच्या सुमारास त्याच नियतकालिकात आलेल्या तशाच इतर पत्रांचा मध्यक होता 11. संदर्भ देणाऱ्यांपैकी 72 टक्क्यांनी व्यसन विरळा असल्याचा पुरावा म्हणून पत्र पुढे केले होते, आणि सुमारे 81 टक्क्यांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हा क्षुल्लक तपशील गाळला होता. संपादकांनी मग पत्रावर इशाऱ्याची टीप डकवली.

आता कोणी म्हणेल, पत्राची अब्रू गेली. छे! वाभाडे काढायचे तरी तळटिपेत नाव द्यावेच लागते, आणि मोजणाऱ्या यंत्राला शिवी नि ओवी सारखीच. कॅनडावाल्यांनाही आपल्या निबंधात, तोही त्याच नियतकालिकातले एक छोटे पत्रच, पोर्टर-जिक यांचा संदर्भ द्यावा लागला. 608 आकडा जाहीर झाला तेव्हा तो निदान 609 झालेला होता.